राईच्या बांधावरचा पीलू

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनकडे जाणारी बस घेतली की वस्ती हळूहळू विरळ होते आणि मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकापाठोपाठ लागतात. आपण मीरा रोड-भाईंदरची मंडळी या रस्त्याने अनेकदा जातो, पण नजर पुढे असते. कुणाला उत्तनचा किनारा गाठायचा असतो, कुणाला चौकच्या टेकडीवरचा धारावी किल्ला, कुणाला गोराई. राईला मुद्दाम उतरणारे थोडेच. मीसुद्धा सोळा वर्षे मीरा रोडला राहून राई फक्त बसच्या खिडकीतून पाहिली होती. गेल्या माघातल्या थंडीत मात्र तीन रविवार सकाळचे सात ते अकरा मी या गावाच्या बांधावर बसून काढले. निमित्त होते माझ्या थोरल्या लेकीच्या चित्रकलेचे.

‘राई’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक दाट झाडी, जशी आमराई, देवराई. दुसरा फोडणीतली मोहरी. हे दोन्ही अर्थ या गावात मला कसे भेटले ते पुढे येईलच.

गावात शिरल्यावर प्रथम जुनी कौलारू घरे, नवी दोन-तीन मजली घरे, अंगणातला शेवगा आणि जांभूळ दिसतात. आगरी आणि कोळी लोकांची ही जुनी वस्ती. घरे संपली की मोकळी जमीन सुरू होते. काही तुकड्यांत भाताची कापणी होऊन गेलेली, काही पडीक. त्यापलीकडे खाजण, खाडीचे फाटे, मिठागरांचे चौकोन आणि त्यांच्या कडेने कांदळवनाची हिरवी भिंत. मीठ पिकवतो तो आगर आणि आगरावर राबतो तो आगरी, असे या समाजाच्या नावाबद्दल सांगतात. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावरून चालत गेले की एका बाजूला गोड्या पाण्याची झाडे आणि दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याची, अशी दोन राज्ये दोन हातांच्या अंतरावर दिसतात. वनस्पतींची चित्रे काढायला शिकणाऱ्यांसाठी याहून चांगली जागा जवळपास क्वचितच असेल.

आमच्या लेकीचे अकरावी सायन्सचे वर्ष. जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये जास्वंदीचा उभा छेद तिने असा काढला की बाईंनी तो वर्गात फिरवला. त्यानंतर तिला हा नाद लागला. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम रविवारी सात-आठ मुलामुलींना झाडांपाशी नेऊन चित्रे काढायला शिकवतात, असे कळले. तिच्या अब्बांचे म्हणणे, “बारावीनंतर हवे ते काढ, आता अभ्यासात लक्ष दे.” आणि माझ्या सासूबाईंचा, म्हणजे मुलांच्या दादीचा, प्रश्न वेगळाच होता. “तसवीर काढणे बरे का, बेटा? आधी विचारून घ्या.”

वाचक भगिनींनो, हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत निघतो, म्हणून तो बाजूला न सारता आम्ही खरोखरच विचारला. आमच्या मोहल्ल्यातील आलिमसाहेबांनी बुखारी शरीफमधील एक प्रसंग सांगितला. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. त्यांनी त्याला सजीव प्राण्यांच्या प्रतिमांपासून रोखले आणि काढायचेच असेल तर झाडे आणि निर्जीव वस्तू काढ, असा सल्ला दिला. दादीचे समाधान झाले. त्या म्हणाल्या, “मग झाडच काढ, पण नीट काढ.” अब्बांनी तीन रविवारांची मुदत दिली. सोबत मी जावे, असे ठरले.

हे ‘नीट काढणे’ म्हणजे काय, तेच मॅडम शिकवत होत्या. फुलांचे सुंदर चित्र वेगळे आणि वनस्पतीचे शास्त्रशुद्ध चित्र वेगळे. दुसऱ्या प्रकारात चित्र पाहून झाड ओळखता आले पाहिजे. म्हणून पहिला अर्धा तास कुणीही पेन्सिल हातात घ्यायची नाही, असा नियम. फक्त पाहायचे आणि प्रश्न विचारायचे. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? देठ आहे की पान थेट फांदीला चिकटले आहे? कड सरळ की दातेरी? शिरा कडेपर्यंत जातात की मध्येच वळतात? पाकळ्या किती, पुंकेसर किती, ते पाकळ्यांसमोर आहेत की दोन पाकळ्यांच्या मध्ये? दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने बांधलेले.

त्यानंतर मोजमाप. पान जेवढे असेल तेवढेच कागदावर. डिव्हायडरने लांबी घ्यायची, रुंदी घ्यायची, फिकट टूएच पेन्सिलीने खुणा करायच्या आणि मग एचबीने रेघ. फार लहान फूल मोठे करून दाखवायचे असेल तर शेजारी मोजपट्टीची छोटी रेघ काढून किती पट मोठे केले ते लिहायचे. उजेड डावीकडून वरून येतो असे धरून सावली द्यायची. जगभर बहुतेक चित्रकार असेच करतात, म्हणजे दोन देशांतली दोन चित्रे शेजारी ठेवली तरी तुलना करता येते. रंगांबद्दल मॅडमचा एक हट्ट होता. ट्यूबमधला तयार हिरवा वापरायचा नाही. निळा आणि पिवळा मिसळून, गरजेपुरता लाल घालून, समोरच्या पानाचा हिरवा स्वतः तयार करायचा. तो रंग वहीच्या कडेला लावून ठेवायचा, कारण घरी पोहोचेपर्यंत फूल कोमेजते आणि डोळ्यांना आठवणारा रंग फसवा असतो. खाली झाडाचे नाव, जागा आणि तारीख. तारीख नसलेले चित्र मॅडम तपासतच नसत.

पहिल्या रविवारी तिवर काढला. आपल्या खाड्यांवरचा हा सर्वांत ओळखीचा कांदळ. पानाची वरची बाजू चकचकीत हिरवी, खालची राखाडी-पांढरी. मॅडमनी एकेका मुलाला पान जिभेला लावून पाहायला सांगितले. खारट! झाड मुळांतून आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते आणि ते पानावर कणांसारखे साचते. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळे पाहून धाकटी मुले म्हणाली, कुणीतरी काड्या रोवल्या आहेत. ती झाडाची श्वास घेणारी मुळे आहेत. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळे नाक वर काढतात.

दुसऱ्या रविवारी मारांडी. काटेरी कडांची पाने आणि निळसर जांभळे फूल. त्या फुलाची पाकळी एकाच बाजूला पसरलेली असते, जणू अर्धे फूल कुणी नेले आहे. त्याच दिवशी मॅडमनी हुरा दाखवला आणि हात लावू नका म्हणून बजावले. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. कांदळवनात मुलांना नेणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे झाड आधी ओळखून घ्यावे.

तिसऱ्या रविवारी बांधाच्या उंच भागावर, उघाडीच्या पलीकडे, एक पसरट झुडूप दिसले. फांद्या खाली झुकलेल्या, पाने समोरासमोर, जरा जाड आणि फिकट हिरवी. टोकांना बारीक हिरवट-पांढऱ्या फुलांचे तुरे आणि मधूनमधून मण्यांएवढी फळे, काही कच्ची, काही गुलाबी होत चाललेली. मॅडमनी खाली पडलेले एक पान चुरगळून प्रत्येकीला चावायला दिले. क्षणभर काहीच नाही, मग जीभ चुरचुरली. माझ्या तोंडून निघाले, “ही तर मोहरी!”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “मोहरीला जो झोंबरेपणा आहे त्याच जातीचे द्रव्य यात आहे. म्हणून इंग्रजीत याला मोहरीचे झाडही म्हणतात. मराठीत खाकण किंवा पीलू. आणि तुमच्या घरी याची काडी नक्की असणार.”

तो पीलू होता. मिसवाकचे झाड. अरबीत ज्याला अराक म्हणतात तेच.

खरे सांगते, मी गप्प झाले. आमच्या घरी दादीच्या वजूच्या जागेशेजारी मिसवाक वर्षानुवर्षे असतो. रमजानमध्ये मशिदीबाहेरच्या टपरीवरून प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेला आणला जातो. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी ज्याची इतकी ताकीद केली त्या काडीचे झाड वाळवंटात कुठेतरी दूर असणार, असे मी गृहीत धरले होते. ते झाड तर आमच्या घरापासून लोकलच्या एका स्टेशनावर आणि एका बसवर, खाडीच्या वाऱ्यात उभे होते. अरबस्तानच्या रेताड जमिनीत आणि आपल्या खाऱ्या बांधावर, दोन्हीकडे जगणारे हे झाड. खारेपणा सोसण्याची ताकद हेच त्याचे कारण. लिनियसने १७५३ मध्ये त्याला साल्वाडोरा पर्सिका असे शास्त्रीय नाव दिले, पण आपल्या मुफस्सिरांना ते त्याआधीच परिचित होते. सूरह सबामध्ये बागा उजाड झाल्यावर उरलेल्या कडवट फळांच्या झाडाचा उल्लेख आहे. इब्ने अब्बास (रजि.) यांच्यासह अनेकांनी त्याचा अर्थ अराक असाच सांगितला आहे.

लेकीने त्या दिवशी साडेतीन तास मान वर केली नाही. फूल जेमतेम तीन मिलिमीटरचे. भिंगातून पाहून तिने मोजले, चार पाकळ्या, चार पुंकेसर. एका फांदीवर कळी, फूल, कच्चे फळ आणि पिकू लागलेले फळ अशा चारही अवस्था तिने मांडल्या. कॅमेऱ्याने तिने फोटोही घेतले होते. तेव्हा एका मुलाने विचारले, “मग एवढे कष्ट कशाला?” मॅडमचे उत्तर मला पटले. फोटो त्या एका क्षणाचा आणि त्या एका फांदीचा असतो. त्यात पान फाटलेले असेल तर फाटलेलेच येते, मागचे फूल धूसर येते. चित्रकार दहा फांद्या पाहतो आणि झाड एरवी जसे असते तसे काढतो. म्हणूनच लंडनच्या क्यू उद्यानाशी जोडलेले कर्टिसचे वनस्पती-मासिक १७८७ पासून आजतागायत चित्रांसह निघते आहे.

आणि या कामात आपल्या लोकांचा वाटा लहान नाही. जहांगीर बादशाह १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याच्यासोबत उस्ताद मन्सूर होता. बादशाहने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ असा किताब दिला होता. मन्सूरने तेथील शंभराहून अधिक फुले रंगवली, असे जहांगीरने स्वतः आपल्या आठवणींत नोंदवले आहे. आज त्यांपैकी फारच थोडी उरली आहेत. पाटण्याच्या शैलीत तयार झालेला शेख झैनुद्दीन १७७७ ते १७८२ या काळात कलकत्त्याला इम्पे दांपत्यासाठी पक्षी आणि प्राणी रंगवत होता. पक्षी ज्या फांदीवर बसला आहे तिची पाने आणि फळेही तो इतक्या काळजीने काढत असे की ते झाड ओळखू येते. चित्राखाली त्याचे नाव आणि गाव फारसीत लिहिलेले सापडते.

सर्वांच्या नशिबी हे आले नाही. पुण्याजवळच्या दापुडीला ब्रिटिशांची वनस्पती-बाग होती. तिथे अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमधील एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात जपलेली आहेत आणि २००२ मध्ये त्यांच्यावर देखणे पुस्तकही निघाले. पण ज्याने ती काढली त्याचे नाव कुणी नोंदवले नाही. त्याआधी, १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये मलबारच्या झाडांची सातशेहून अधिक चित्रे आहेत. त्यातील माहिती देणारे इट्टी अच्युतन वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी पंडित यांची नावे मात्र टिकली, कारण त्यांची प्रमाणपत्रे ग्रंथात छापली गेली. मॅडम नाव आणि तारखेचा आग्रह का धरतात, ते मला तेव्हा समजले.

बांधावर आम्ही बसलेलो असताना गावातले एक आगरी काका रोज थांबत. आधी त्यांना वाटले आम्ही जमिनीची मोजणी करायला आलो. वह्या पाहिल्यावर त्यांचा आवाज निवळला. त्यांची शंका उगाच नव्हती. मेट्रो-९ च्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धा-मोर्वा याच परिसरातली जमीन ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि पुढे ते डोंगरीकडे हलवण्यात आले. तिथल्या झाडांचा प्रश्न मग उभा राहिला. आपल्याला मेट्रो हवीच आहे, दाटीवाटीच्या लोकलमध्ये लोंबकळणारी आपलीच माणसे आहेत. पण शहर वाढताना नक्की काय जाते, हे मोजायला ते आधी माहीत असावे लागते. ‘झुडपे तोडली’ असे म्हणणे सोपे असते. ‘पीलू तोडला’ म्हणताना जीभ अडखळते.

कायद्याने कांदळवनाला संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातील कांदळवन तोडण्यावर मनाई घातली, २०१८ च्या निकालात ती पक्की केली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष ठरले. म्हणून बांधावरच्या पीलूची काडी तोडायचा मोह कुणी करू नये. मिसवाक टपरीवरूनच घ्यावा. आमच्या गटाचा नियम होता की फांदी तोडायची नाही, झाड जागेवर उभे असतानाच काढायचे. गळून पडलेले पान, फूल तेवढे वहीत ठेवायचे.

घरी आल्यावर लेकीने चित्र जेवणाच्या टेबलावर ठेवले. दादीने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि आपला मिसवाक आणून चित्राशेजारी धरला. मग म्हणाल्या, “याची पाने मी आज पहिल्यांदा पाहिली. सत्तर वर्षे काडीच पाहत आले.” त्यांनी नातीकडून चित्राखाली मराठी आणि शास्त्रीय नावाच्या जोडीला उर्दूत ‘पीलू’ आणि ‘अराक’ लिहून घेतले. अब्बांनी चित्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “याचे पुढे काय करतात?” ते थट्टेने विचारत नव्हते. मॅडमनी सांगितलेले लेकीने त्यांना सांगितले. नवीन झाडाचा शोध जाहीर करताना, वनस्पतिकोश छापताना, उद्यानांचे फलक करताना अशा चित्रांची गरज लागते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथे वाळवून जपलेल्या झाडांचे नमुने पाहता येतात. पण त्यासाठी आधी वनस्पतिशास्त्र चांगले यायला हवे. हे शेवटचे वाक्य अब्बांना फार आवडले. तीन रविवारांची मुदत आता ‘परीक्षेचा महिना सोडून’ अशी झाली आहे.

आपल्यापैकी कुणाला मुलांना घेऊन राईला जायचे असेल तर काही गोष्टी सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. सकाळी लवकर जावे आणि भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी. चिखलात उतरू नये, बांधावरूनच पाहावे. जमीन कुणाची तरी आहे हे लक्षात ठेवून गावात एखाद्या वडीलधाऱ्याला विचारून जावे. चार-पाच जणींनी मिळून गेलेले बरे. सामान फार लागत नाही. गुळगुळीत जाड कागदाची वही, दोन पेन्सिली, मऊ खोडरबर, पट्टी, भिंग, पाण्याची बाटली आणि टोपी किंवा ओढणी एवढे पुरे. रंगपेटी दुसऱ्या खेपेला न्यावी. ज्यांना राई लांब पडते त्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून सुरुवात करावी. १८६२ पासूनची ती बाग जुन्या झाडांनी भरलेली आहे आणि बऱ्याच झाडांवर नावांच्या पाट्या आहेत. तेही जमले नाही तर खिडकीतली तुळस, कुंडीतला कोरफड, बाजारातून आणलेली मेथीची जुडी चालेल. एक पान घ्यावे, अर्धा तास नुसते पाहावे आणि मग जेवढे आहे तेवढेच काढावे.

कुरआन शरीफ आपल्याला जमिनीतून उगवणाऱ्या गोष्टींकडे पुन्हा पुन्हा पाहायला सांगते. खजूर, अंजीर, जैतून, डाळिंब, द्राक्षे यांची नावे आपण तिलावतीत रोज घेतो. त्यांच्या जोडीला आपल्या दारातल्या तिवराचे, मारांडीचे आणि पीलूचे नाव आपल्या मुलांना यावे, एवढीच इच्छा. येत्या थंडीत इन्शाअल्लाह आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी दादीही येणार म्हणतात. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेतली आहे.